मुंबईतील स्वतंत्र चित्रफीतकला व समूह दूरचित्रवाणी

शासकीय दूरचित्रवाणी आणि व्यावसायिक चित्रपटनिर्मिती या दोहोंच्या बाहेर राहून कलावंतांनी चित्रफितीच्या (व्हिडिओच्या) माध्यमात केलेल्या निर्मितीस स्वतंत्र चित्रफीतकला असे म्हणतात. एखाद्या वस्तीतील, गावातील वा व्यवसायातील लोकांनी स्वतःविषयीचे कार्यक्रम स्वतः तयार करून ते आपापसांत पाहणे, या व्यवहारास समूह दूरचित्रवाणी ही संज्ञा आहे. पश्चिमेकडील काही महानगरांत या दोन्ही प्रवृत्ती १९७० च्या सुमारास एकाच वेळी व बहुधा त्याच मंडळींच्या हातून वाढीस लागल्या. मुंबईत त्यांचा क्रम वेगळा राहिला. येथे कलावंतांचे प्रयोग आधी झाले, वस्त्यांतील चित्रीकरण नंतर आले आणि प्रक्षेपणाचा अधिकार या दोघांपैकी कोणालाही कधीच मिळाला नाही. कॅमेरा हाती असणे व वाहिनी हाती असणे यांतील हे अंतर ध्यानात घेतल्यावाचून या शहरातील चित्रफितीचा इतिहास नीट उलगडत नाही.

या इतिहासाला यंत्राची बाजू आहे. सोळा मिलीमीटर फिल्मवर चित्रण करावयाचे, तर चारशे फुटांचे एक रीळ सु. अकरा मिनिटांत संपते. ते प्रयोगशाळेत धुवून आणावे लागते, ध्वनी स्वतंत्र यंत्रावर मुद्रित करून नंतर चित्राशी जुळवावा लागतो आणि केलेले काम दिसण्यास काही दिवस जातात. चुंबकीय फितीवर चित्र व ध्वनी एकत्र उमटतात, फीत मागे फिरवून तत्काळ पाहता येते व नको असल्यास पुसून पुन्हा वापरता येते. जपानच्या सोनी कंपनीने १९६७ मध्ये खांद्याला अडकवून नेता येईल असे कृष्णधवल चित्रमुद्रण-यंत्र (पोर्टापॅक) बाजारात आणले, तेव्हा या गुणाचे सामाजिक मोल प्रथम लक्षात आले. ज्याचे चित्रण केले, त्याला त्याच जागी ते दाखवता येऊ लागले. त्याने हरकत घेतली, तर ते पुन्हा करता येऊ लागले. फितीचे दोषही लहान नव्हते. प्रतीची प्रत काढताना चित्र दर वेळी पुसट होत जाई. संकलनासाठी निदान दोन यंत्रे लागत. शिवाय मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात फितींना बुरशी धरे. या शहरात चित्रित झालेले पुष्कळ काही याच कारणाने नष्ट झाले असावे.

परदेशांतील घडामोडींचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. कोरियात जन्मलेला कलावंत नाम जून पाईक (१९३२–२००६) याने १९६३ मध्ये जर्मनीतील वुपरटाल येथे दूरचित्रवाणी-संचांत फेरफार करून ते कलावस्तू म्हणून मांडले. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६७ मध्ये ‘चॅलेंज फॉर चेंज’ हा उपक्रम सुरू केला. त्यात फोगो बेटावरील कोळ्यांची चित्रणे प्रथम त्यांनाच दाखवून मग शासनापुढे ठेवण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये १९७१ पासून केबल कंपन्यांना नागरिकांसाठी काही वाहिन्या राखून ठेवणे भाग पडले. पुढच्याच वर्षी त्या शहराच्या चिनी वस्तीत जॉन अल्पर्ट व केइको त्सुनो यांनी समूह दूरचित्रवाणी केंद्र स्थापिले. कलावंत, कार्यकर्ते व वाहिनी ही तिन्ही अंगे तेथे एकत्र आली, याचे श्रेय जितके कलावंतांच्या उत्साहाला तितकेच केबलविषयीच्या त्या अटीला द्यावे लागते.

भारतात १८८५ च्या तार अधिनियमान्वये प्रक्षेपण ही शासनाची मक्तेदारी होती. दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’ सारख्या कार्यक्रमांतून या केंद्राने शेतकऱ्यांना पडद्यावर आणले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. तथापि कोणी, किती वेळ व काय बोलावे हे केंद्रच ठरवीत असे. उपग्रहाच्या साहाय्याने ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांच्या वाट्याला तो अनुभव आला नाही. गुजरातमध्ये मात्र खेडा जिल्ह्यातील पीज येथे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने छोटे प्रक्षेपक चालवून स्थानिक भाषेत, स्थानिक प्रश्नांवर व गावकऱ्यांना सहभागी करून घेऊन कार्यक्रम केले. समूह दूरचित्रवाणीच्या जवळ जाणारा भारतातील हा बहुधा एकमेव प्रक्षेपित प्रयोग होय. दिल्लीतील ‘सेंडिट’ ही संस्था १९७२ पासून हलकी चित्रमुद्रण-यंत्रे घेऊन खेड्यांत जाऊ लागली होती. अहमदाबादेतील ‘सेवा’ या स्त्रीकामगार संघटनेने १९८४ मध्ये अमेरिकेतील मार्था स्टुअर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या सभासद स्त्रियांना चित्रफितीचे शिक्षण दिले. त्यांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. यंत्रावरील बटणे त्यांनी खुणांनी लक्षात ठेवली आणि संकलनही स्वतःच केले.

मुंबईतील पहिला प्रयोग याहून जुना असून तो चित्रकारांचा आहे. अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांना १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. चित्रे काढण्यासाठी तिचा उपयोग न करता त्यांनी नेपियन सी रोडवर एक कार्यशाळा थाटली. ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ हे तिचे नाव. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनी एका छताखाली येऊन एकमेकांचे माध्यम हाताळावे, हा तिचा उद्देश होता. सोळा मिलीमीटरचा कॅमेरा व संकलनाची साधने तेथे सर्वांसाठी खुली होती. मणि कौल (१९४४–२०११) व कुमार शहानी (१९४०–२०२४) यांचा तिच्याशी संबंध आला. पदमसींनी स्वतः ‘सिझिजी’ हा रेषांच्या व बिंदूंच्या गणिती रचनांवर आधारलेला सु. अकरा मिनिटांचा मूकपट केला. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची प्रतच हरवली. पुढे २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी वयोवृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे त्याची पुनर्रचना केली. भारतीय प्रायोगिक चित्रपटाच्या एका आद्यकृतीची एकुलती एक प्रत राहू नये, यावरून त्या काळी या कामाकडे किती थोड्यांचे लक्ष होते ते कळते.

कार्यशाळेतील सर्वांत तरुण सहभागी म्हणजे नलिनी मलानी (जन्म १९४६). फाळणीनंतर कराचीहून आलेल्या कुटुंबातील ही मुलगी. ‘ड्रीम हाउसेस’ (१९६९) या त्यांच्या लघुपटात कागदी घरांच्या नमुन्यावर रंगीत प्रकाश टाकून एका आदर्श नगराचे स्वप्न रेखाटले आहे. स्वातंत्र्योत्तर नगररचनेविषयीचा आशावाद त्यात आहे. काही वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा पडदा ठेवला. त्यावर एक तरुणी कृष्णधवल मुंबईकडे, इमारती व झोपड्या यांच्या दाटीकडे, उंचावरून पाहत आहे. या दोन पडद्यांच्या कृतीस ‘युटोपिया’ असे नाव आहे. मधल्या सात वर्षांत शहराचे व देशाचे जे झाले, त्यावर भाष्य करण्यास एकही शब्द वापरलेला नाही. हे काम फिल्मवर झालेले असले, तरी एकाहून अधिक पडदे मांडून प्रेक्षकाला त्यांच्यामध्ये उभे करण्याची पुढील चित्रफीतकलेची रीत त्यात स्पष्ट दिसते. कार्यशाळा १९७२ च्या सुमारास बंद पडली. तिला उत्तराधिकारी मिळाला नाही आणि मुंबईच्या कलादालनांत हलते चित्र यानंतर जवळजवळ दोन दशके फारसे दिसले नाही.

या मधल्या काळातील महत्त्वाचे काम अनुबोधपटकारांनी केले. त्यांचे माध्यम फिल्मच होते, परंतु कार्यपद्धती समूह दूरचित्रवाणीच्या जवळची होती. बंगलोर येथे दीपा धनराज प्रभृतींनी १९८० मध्ये स्थापिलेल्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने पुण्यातील घरकामगार स्त्रियांसमवेत ‘मोलकरीण’ (१९८१) आणि निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतील स्त्रीकामगारांसमवेत ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ (१९८२) हे मराठी अनुबोधपट केले. सीमाभागातील निपाणीच्या स्त्रियांनी आपल्या संपाच्या घटना कॅमेऱ्यापुढे पुन्हा उभ्या केल्या. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांनीच त्याची मांडणी ठरवावी, हा विचार मराठीत प्रथम येथे प्रत्यक्षात आला, असे म्हणता येते.

मुंबईत आनंद पटवर्धन (जन्म १९५०) यांचा ‘हमारा शहर’ (१९८५) हा अनुबोधपट या दृष्टीने निर्णायक ठरला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना शहराबाहेर घालविण्याचा आदेश दिला होता. त्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या ओल्गा टेलिस खटल्याचा निर्णय जुलै १९८५ मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. नेमक्या याच काळात पटवर्धनांनी झोपड्या पाडण्याचे चित्रण केले. नगरपालिकेचे अधिकारी, उच्चभ्रू नागरिक व पाडलेल्या झोपड्यांतील माणसे यांची बोलणी त्यांनी समोरासमोर ठेवली. चित्रीकरण करणाऱ्यांनाच एक स्त्री संतापून जाब विचारते, तो प्रसंग त्यांनी संकलनात काढून टाकला नाही. आमची चित्रे काढून तुम्ही काय साधणार, असा तिचा रोख आहे. स्वतंत्र चित्रणापुढील नैतिक प्रश्न त्या एका प्रसंगात जितका नेमका मांडला गेला, तितका तो पुढील अनेक ग्रंथांतही मांडला गेलेला नाही. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे या चित्रपटात आहे. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे मार्च १९८६ मध्ये संजय गांधी नगर ही दक्षिण मुंबईतील वस्ती पाडण्यात आली, तेव्हा पटवर्धन व अभिनेत्री शबाना आझमी रहिवाशांसमवेत उपोषणास बसले आणि वस्तीला गोरेगावच्या बाजूस पर्यायी जागा मिळाली. कॅमेरा व आंदोलन यांचे हे नाते मुंबईतील बहुतेक स्वतंत्र चित्रणाच्या मुळाशी आहे.

दरम्यान चित्रफीत घराघरात शिरली होती, पण वेगळ्याच वाटेने. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, रंगीत संचांच्या आयातीवरील बंधने सैल झाली आणि त्यापाठोपाठ चित्रफीत-यंत्रे (व्हीसीआर) वाढली. १९८४ च्या सुमारास मुंबईतील मोठ्या इमारतींत एकाच यंत्रावरून सर्व सदनिकांना चित्रपट दाखविणे सुरू झाले. त्याची रचना साधी होती. यंत्रातून निघालेला संकेत मॉड्युलेटरमधून नेऊन त्याला दूरचित्रवाणी-संचावरील रिकाम्या वाहिनीची कंप्रता द्यावयाची, तो वर्धकातून बलवान करावयाचा व समाक्ष तारेने मजल्यामजल्यावर पोचवावयाचा. यासाठी मनोरा लागत नाही, उपग्रह लागत नाही. एका तळघरातून शंभर घरांशी बोलण्याची सोय शहरात हजारो ठिकाणी निर्माण झाली होती. तीवरून दाखविले गेले ते प्रामुख्याने हिंदी चित्रपट. कोणा रहिवाशाने सोसायटीची सभा, परिसरातील पाणीटंचाई वा गिरणीतील टाळेबंदी त्या तारेवर आणल्याचे विरळाच. त्याच दशकात गिरणगावातील १९८२ चा संप दीड वर्षाहून अधिक काळ चालला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि दूरचित्रवाणीवर त्यांचा आवाज क्षीणच राहिला. तार होती, सांगण्यासारखे पुष्कळ होते. दोहोंची गाठ पडली नाही. याचा दोष केवळ कायद्यास देता येणार नाही. केबलचालकाच्या लेखी ती तार म्हणजे धंदा होता आणि रहिवाशांच्या लेखी करमणूक.

शासनाने १९९५ मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम केला. चालकाने नोंदणी करावयाची ती टपाल कार्यालयात, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविणे त्याला बंधनकारक. मात्र नागरिकांसाठी एखादी वाहिनी राखून ठेवण्याची न्यूयॉर्कसारखी तरतूद त्यात नव्हती. त्याच वर्षी ९ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. शासनाची मक्तेदारी त्यामुळे तत्त्वतः संपली. व्यवहारात तिची जागा उपग्रह वाहिन्यांच्या कंपन्यांनी घेतली. स्थानिक केबलवर गणेशोत्सवाच्या आरत्या, नगरसेवकांची शुभेच्छापत्रे व दुकानांच्या जाहिराती दिसू लागल्या. त्यांस समूह दूरचित्रवाणी म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होईल, तरी आपल्या गल्लीतील माणूस पडद्यावर दिसतो ही जाणीव त्यांनी दिली. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी केबलवरील अंकीय प्रक्षेपण सक्तीचे झाले आणि एका साध्या मॉड्युलेटरच्या बळावर स्वतःची वाहिनी चालविण्याचे दिवस संपले.

मुंबईबाहेर मात्र चित्रफितीचा एक अस्सल स्थानिक आविष्कार घडला, त्याची येथे नोंद घेणे अवश्य आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या गावी चित्रफीतगृह चालविणारे शेख नासीर यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) हे गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे विडंबन गावातीलच माणसांना घेऊन तुटपुंज्या खर्चात तयार केले. त्यातून विडंबन-चित्रपटांची एक परंपराच तेथे उभी राहिली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या अनुबोधपटामुळे ती जगापुढे आली. कलादालन, अनुदान वा संस्था यांपैकी कशाचाही टेकू न घेता मालेगावकरांनी जे केले, ते मुंबईतील सुशिक्षित कलावंतांना साधले नाही. त्यांचा प्रेक्षक त्यांच्याच गावात होता व तो तिकीट काढून येत होता.

मुंबईत चित्रफितीला कलेचे व साक्षीचे असे दोन्ही अर्थ एकदम आले ते डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींनंतर. वृत्तपत्रांतून बदनाम झालेल्या वांद्रे (पूर्व) येथील बेहरामपाडा या वस्तीवर मधुश्री दत्ता यांनी ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’ (१९९३) हा अनुबोधपट केला. बाहेरून दिसणाऱ्या ‘गुन्हेगारी वस्ती’च्या प्रतिमेला वस्तीतील माणसांच्या बोलण्याने उत्तर देणे, एवढीच त्याची रीत आहे. नवजोत अल्ताफ (जन्म १९४९) यांनी १९९४ मध्ये जहांगीर कलादालनात ‘लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रीडिस्कव्हर्ड’ हे मांडणशिल्प उभारले. शिल्प, ध्वनी व चित्रफीत त्यात एकत्र आली होती. नलिनी मलानी यांनी पोखरणच्या १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर ‘रिमेम्बरिंग टोबा टेकसिंग’ ही कृती केली. मंटो यांच्या कथेतील, फाळणीच्या वेळी कोणत्याच देशाचा न राहिलेला वेडा हे तिचे सूत्र. निर्वासितांच्या सामानाची आठवण देणाऱ्या पत्र्याच्या ट्रंकांत दूरचित्रवाणी-संच ठेवलेले, भिंतींवर प्रक्षेपित चित्रे आणि दोन बाजूंच्या दोन स्त्रिया एक साडी घडी करू पाहतात पण ती घडत नाही, अशी तिची रचना आहे. ही कृती १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात) मांडण्यात आली. कलादालनाची पायरी सहसा न चढणारा प्रेक्षक, विशेषतः सुट्टीत संग्रहालय पाहण्यास आलेली कुटुंबे, तिच्यापुढे उभा राहिला.

वस्तीतील लोकांनी स्वतः चित्रफीत वापरल्याचे उत्तम उदाहरण धारावीचे आहे. दंगलीनंतर तेथील मोहल्ला समित्यांत काम करणारे भाऊ कोरडे व वकार खान या दोघा मित्रांनी सलोख्यासाठी भित्तिपत्रके व लघुचित्रफिती लोकांच्या सहभागाने तयार करविल्या व वस्तीत दाखविल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेतील अंजली माँतेरो व के. पी. जयशंकर यांनी या मैत्रीवर ‘नाता’ (२००३) हा अनुबोधपट केला. त्यात दोघे निर्माते स्वतःचे मध्यमवर्गीय आयुष्यही धारावीच्या शेजारी ठेवतात, हे त्याचे वेगळेपण. त्यांचाच ‘साचा’ (२००१) हा कवी नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या दृष्टीतून बंद पडत चाललेल्या गिरण्यांचे शहर पाहतो.

चित्रफीत तयार झाली, तरी ती दाखवावयाची कोठे हा प्रश्न उरतोच. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाखाली सार्वजनिक प्रदर्शनास प्रमाणपत्र लागते व ही अट चित्रफितीलाही लागू आहे. पटवर्धनांच्या ‘जंग और अमन’ (२००२) या अण्वस्त्रविषयक अनुबोधपटात अभ्यवेक्षण मंडळाने अनेक काटछाटी सुचविल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो काटछाटीविना संमत केला. त्यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) दाखविण्यास दूरदर्शनने नकार दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो दाखविण्याचा आदेश दिला. चित्रपट तयार झाल्यापासून तोवर अकरा वर्षे गेली होती. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने २००४ साठी भारतीय अनुबोधपटांना प्रमाणपत्राची अट घातली. देशभरातील अनुबोधपटकारांनी विरोध केल्यावर ती मागे घेण्यात आली, परंतु निवडीत अनेक राजकीय अनुबोधपट वगळले गेले. तेव्हा वगळलेल्यांनी प्रभादेवी येथे महोत्सवाच्या शेजारीच भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने समांतर प्रदर्शन भरविले. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ तेथील प्रेक्षकांनी गर्दी करून पाहिला. पुढे हेच नाव घेऊन अनेक शहरांत नियमित प्रदर्शने होऊ लागली.

अंकीय कॅमेरा व संगणकावरील संकलन यांमुळे २००० नंतर निर्मितीचा खर्च एकदम उतरला. शैना आनंद यांनी बंगलोरच्या रसेल मार्केटमध्ये २००४ साली बाजारातील माणसांची तात्पुरती वाहिनी चालविली आणि २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शन या वस्तीत ‘खिडकीयान’ हा प्रयोग केला. टेहळणीसाठी विकले जाणारे स्वस्त कॅमेरे, चार दूरचित्रवाणी-संच व थोडी तार एवढ्यावर तो उभा होता. चार ठिकाणी बसलेल्या लोकांना पडद्याच्या चार भागांत आपण व शेजारी एकाच वेळी दिसत व ऐकू येत. एकमेकींच्या घरी जाण्याची मुभा नसलेल्या स्त्रिया त्यातून तासन्‌तास बोलल्या. मुंबईतील इमारतींच्या तारांनी वीस वर्षांपूर्वी जे केले नव्हते, ते दिल्लीच्या एका गल्लीत काही दिवसांपुरते घडले. आनंद यांनी अशोक सुकुमारन व संजय भांगर यांच्यासमवेत २००७ मध्ये मुंबईत ‘कॅम्प’ हा गट स्थापिला. खारजवळील चुईम गावात त्याचा स्टुडिओ होता आणि त्याच्या गच्चीवर शहरातील रसिक चित्रपट पाहण्यास जमत.

‘कॅम्प’, ‘मजलिस’, ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ या मुंबईतील आणि बंगलोर व बर्लिन येथील संस्थांनी मिळून २००८ मध्ये ‘पाड.मा’ हा सार्वजनिक अंकीय चित्रसंग्रह सुरू केला. त्याची कल्पना अशी : पूर्ण झालेल्या चित्रपटात चित्रणाचा अगदी थोडा भाग वापरला जातो, उरलेले तासन्‌तासांचे चित्रण कपाटात पडून राहते. हे न वापरलेले चित्रणच येथे ठेवावयाचे, प्रत्येक क्षणाशी वेळेनुसार संभाषणाची नोंद, स्थळ व टिपणे जोडावयाची, आणि ते कोणालाही शोधता व उतरवून घेता यावे अशी सोय करावयाची. मुलाखत देणाऱ्याचे निवडक दोन वाक्यांपलीकडचे बोलणे, त्याचे थांबणे, प्रश्नकर्त्याचा प्रश्न, हे सारे पुन्हा उपलब्ध होते. प्रक्षेपणाचा अधिकार नाकारल्या गेलेल्या शहराने अभिलेखागार हेच आपले प्रसारमाध्यम केले, असे या उपक्रमाबद्दल म्हणता येईल. ‘कॅम्प’च्याच ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) या बहुपडदी कृतीत उंच इमारतीच्या पस्तिसाव्या मजल्यावरील एकच टेहळणी-कॅमेरा मनोऱ्यांवरून हळूहळू खाली झोपड्यांपर्यंत उतरतो. मलानी यांच्या ‘युटोपिया’तील तरुणी ज्या उंचीवरून शहर पाहत होती, त्याहून ही उंची कितीतरी अधिक आहे.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी ‘हमारा शहर’मधील शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत आत्महत्या केली. पटवर्धनांनी तेव्हापासून चौदा वर्षे चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पूर्ण केला. शाहिरी जलसे, पोवाडे व आंबेडकरी गाणी यांचा एवढा मोठा दृक्‌श्राव्य संग्रह अन्यत्र नाही. हलक्या अंकीय कॅमेऱ्यावाचून एका माणसाला चौदा वर्षांचे चित्रण झेपले नसते. मुंबईतील वस्त्यांत, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडदा बांधून तो दाखविण्यात आला. ज्यांची गाणी त्यात आहेत, त्यांपैकी अनेक जण प्रेक्षकांत बसले होते.

विदर्भाकडे या शहराचा कॅमेरा वळला तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. केंद्र शासनाने २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्याबरोबर बुलढाण्याचाही समावेश होता. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा अनुबोधपट पत्रकार पी. साईनाथ यांच्या विदर्भातील भ्रमंतीमागून जातो. तो संयमाने केलेला व परिणामकारक आहे, परंतु त्यातील पाहणारा डोळा मुंबईचाच आहे, ही त्याची मर्यादा. भारतात समूह नभोवाणीसाठी २००२ मध्ये धोरण आखण्यात आले व २००६ मध्ये ते स्वयंसेवी संस्थांनाही खुले झाले. समूह दूरचित्रवाणीसाठी परवान्याचा असा कोणताही प्रकार निर्माण करण्यात आलेला नाही. गोव्यातून काम करणाऱ्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने २००६ पासून निरनिराळ्या राज्यांत स्थानिक तरुणांचे चित्रफीतगट बांधले व २०१० पासून जिल्ह्याजिल्ह्यांत समूह-वार्ताहर नेमले. त्यांच्या चित्रफिती प्रथम गावाच्या चौकात पडद्यावर दाखविल्या जात, पुढे भ्रमणध्वनीवरून फिरू लागल्या.